जुना मँगनाइट, नवा पापुद्रा

आज आपण चुंबकीय ऑक्साइडच्या पातळ थरांचा इतिहास बघणार आहोत. पातळ म्हणजे किती? बऱ्याचदा शंभर नॅनोमीटर, केसाच्या जाडीचा साधारण हजारावा हिस्सा. असा पापुद्रा स्फटिकावर वाढवायचा, तोही अणूंची रांग न मोडता!

सुरुवात हॉलंडपासून करू. १९५० साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत योंकर आणि फान सांतेन यांनी मँगनाइटांवरचं काम प्रसिद्ध केलं. लँथॅनम, मँगनीज, ऑक्सिजन आणि जोडीला थोडं कॅल्शियम, स्ट्राँशियम किंवा बेरियम. ठरावीक तापमानाखाली हे ऑक्साइड चुंबक होतं आणि वीजही बऱ्यापैकी वाहू देतं. पुढच्याच वर्षी झेनर यांनी कारण सुचवलं. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनमार्गे एका मँगनीजवरून दुसऱ्यावर जातो. दोघांचं चुंबकत्व एका दिशेला असेल तर ही वाट सोपी होते.

मग पापुद्रा का रखडला? अडचण साधी होती. असं मिश्रण तापवून वाफ केली, की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या वेगानं उडतं. खाली जमतं ते भलतंच काहीतरी.

उपाय लेसरनं दिला. १९६५ मध्ये स्मिथ आणि टर्नर यांनी लेसरनं थर बसवून दाखवले होते, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९८७ मध्ये अतिवाहक ऑक्साइडची लाट आली, तेव्हा न्यू जर्सीतल्या बेलकोरमध्ये वेंकटेसन आणि सहकाऱ्यांनी तीच युक्ती वापरली. काही नॅनोसेकंदांचा झोत भाजलेल्या गोळीवर पडतो. वरचा थर इतका अचानक उडतो, की मूलद्रव्यांना वेगळं व्हायला फुरसतच मिळत नाही. समोरच्या तापलेल्या स्फटिकावर, विरळ ऑक्सिजनमध्ये, जवळपास त्याच प्रमाणाचा थर जमतो. लगेच १९८८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या ओगले यांच्या गटानं वेंकटेसन यांच्यासोबत लेसरनं लोह-ऑक्साइडचे थर बनवल्याचं प्रसिद्ध केलं.

आता जुना मँगनाइट परत आला. १९९४ मध्ये बेल लॅब्जमधल्या जिन आणि सहकाऱ्यांनी लेसरनं वाढवलेला थर ऑक्सिजनमध्ये तापवला. ७७ केल्विनला, ६ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात त्याचा विद्युतरोध हजारपटीहून जास्त घसरला.

पण ६ टेस्ला म्हणजे काय, बघा. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र सहसा दीड ते तीन टेस्लाचं असतं. हार्ड डिस्कमध्ये एवढं क्षेत्र आणणार कुठून? तिथं बाजी मारली ती फेर आणि ग्रुनबर्ग यांच्या धातूच्या थरांनी.

मग हे सगळे कष्ट वाया गेले का? आम्हाला तसं वाटत नाही. या धडपडीतून ऑक्साइड वाढवण्याची शिस्त आली. १९९७ मध्ये ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी, ऑक्सिजनचा दाब जास्त असतानाही, पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या चढउतारांवरून थर मोजून दाखवले. म्हणजे पापुद्रा वाढत असतानाच एकेक थर मोजता येऊ लागला. ज्या वस्तूसाठी खटपट केली ती बाजारात आली नाही. खटपटीतून आलेलं तंत्र मात्र आजही प्रयोगशाळांमध्ये रोज वापरलं जातं. विज्ञानाचा हिशोब मांडताना हीसुद्धा जमेची बाजू धरायला हवी.