दाराची फट : मोटारीच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

मोटारींच्या इतिहासाची साधने म्हटली की कंपन्यांचे अहवाल, करारनामे, जाहिराती आणि जुनी छायाचित्रे डोळ्यांसमोर येतात. गेली काही वर्षे मी मुंबई-पुण्यातल्या जुन्या फियाट गाड्या पाहत आणि त्यांवर काम करणाऱ्या डेंटरांपाशी बसत आलो आहे. त्यातून माझी अशी खात्री झाली आहे, की या साधनांत आणखी एकाची भर घालायला हवी : दार आणि त्याच्या शेजारचा पत्रा यांच्यामधली फट. ती कुठे रुंद आणि कुठे अरुंद आहे, यावरून गाडी कशी बनली, कशी वापरली गेली आणि कुणी कशी दुरुस्त केली, हे बरेचसे कळते. दुरुस्तीच्या उत्साहात नेमका हाच पुरावा पुसला जातो.

सुताराच्या दाराकडून पत्र्याच्या दाराकडे

आरंभीच्या मोटारींचे सांगाडे लाकडी असत. घोडागाड्या बांधणारे कारागीरच ते बांधत. दार घासले तर सुतार रंधा मारी. घराच्या दाराला लागे तीच युक्ती इथेही चाले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने १९१२ मध्ये कंपनी काढून पोलादी पत्रा साच्यात दाबून पूर्ण बॉडी तयार करण्याचे तंत्र रुळवले. सित्रोएनने ते १९२४ मध्ये फ्रान्समध्ये आणले. पुढचा बदल याहून मोठा होता. १९२२ ची लान्सिया लॅम्बडा आणि १९३४ ची सित्रोएन त्राक्सियाँ आव्हाँ या गाड्यांनी खालची वेगळी शासी काढून टाकली आणि बॉडीलाच सगळा भार पेलायला लावले.

दाराच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ फार मोठा आहे. शासीवरच्या गाडीत बॉडीच्या बोल्टखाली पॅकिंग घालून बॉडी थोडी उचलता येते आणि तेवढ्याने दाराची फट बदलते. शासी गेली की ती सोय गेली. दाराखालचा उंबरठा हा आता गाडीचा कणाच झाला. तो खचला की खांब कलतात, आणि खांब कलले की दार बोलू लागते.

कुर्ल्याची फियाट

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. गाड्यांची नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे थारा उरला नाही. १९२८ पासून मुंबईत जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये ते काम थांबवले. ज्यांनी सुटे भाग देशातच करण्याचे पत्करले, तेच टिकले.

फियाट ११०० ची १०३ ही आवृत्ती १९५३ मध्ये युरोपात आली आणि लवकरच कुर्ल्यातही बनू लागली. महाराष्ट्रात तिला 'डुक्कर फियाट' म्हणत. तिला शासी नव्हती, आणि पुढची-मागची दोन्ही दारे मधल्या एकाच खांबाला टांगलेली होती. एका खांबावर दोन दारांचे ओझे, म्हणजे खांबाचे बूड गंजले की दोन्ही दारे एकदम बिघडणार. १९६४ च्या सुमारास आलेल्या 'डिलाइट'मध्ये पुढचे दार पुढच्या खांबावर गेले. हीच गाडी १९७० च्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली. नावे बदलली, बॉडीचा मूळ आकार मात्र शतक संपेपर्यंत जवळपास तोच राहिला.

साचा झिजतो. पत्रा दाबताना काठ किंचित बदलतात आणि तो फरक शेवटी दार बसवणाऱ्या फिटरच्या पदरात पडतो. त्या काळी जगभरच्या कारखान्यांत हा माणूस लाकडी हातोडी आणि टेकू घेऊन दार बेताने वाकवून बसवत असे. म्हणून एका गाडीचे दार काढून दुसरीला लावले तर ते सहसा पहिल्या झटक्यात बसत नाही. आपल्याकडे गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. इतकी वाट पाहून मिळालेल्या गाडीची फट कोण मोजत बसणार? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि बारीक, सारखी फट ग्राहकाच्या नजरेत भरली. तोवर ही उणीव भरून काढण्याचे काम गल्लीतला डेंटर करत होता.

फट कशी वाचावी

अनुभवी डेंटर बोल्टला हात लावण्याआधी दार अर्धे उघडून त्याचे मोकळे टोक वर उचलून पाहतो. ते हलले तर बिजागरीची पिन झिजली आहे. दिवसभर दारे उघडझाप होणाऱ्या टॅक्सीत हे ठरलेलेच. दार हलत नसेल तर तो फटी पाहतो. बिजागरीच्या बाजूची फट वरून रुंदावली असेल तर वरच्या बिजागरीत दोष. ती सारखी असून लॉकच्या बाजूची फट वर निमुळती झाली असेल तर दार निर्दोष आहे. खांबच एकमेकांकडे झुकले आहेत, म्हणजे उंबरठा आतून गेला आहे. मुंबईचा पाऊस आणि खारी हवा, फाटलेले रबर, दाराच्या तळाशी चिखलाने बुजलेली पाणी जाण्याची भोके : सगळा इतिहास त्या निमुळत्या फटीत असतो.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला. काम मागच्या दारापासून सुरू होते, कारण त्याच्यामागचा पत्रा बॉडीचाच भाग असल्याने सरकत नाही. मग पुढचे दार, मग बोल्टवर असेल तर मडगार्ड, शेवटी बॉनेट. दार आधी बिजागरीवर नीट बसवायचे. लॉकची खुंटी दार धरण्यासाठी असते, उचलण्यासाठी नव्हे. उंबरठा कापायचा असेल तर दाराच्या चौकटीत आधी आडवे लोखंडी आधार लावतात आणि गाडी चाकांच्या बाजूने टेकवतात. मधोमध जॅक लावून वेल्डिंग केले तर चुकीचा आकार कायमचा पक्का होतो.

काठ कमी पडला तर पूर्वी त्यावर शिसे-कथिलाचा मिश्रधातू चढवून कानशीने घासत. त्याआधी पत्र्याला कथिलाचा पातळ थर देत. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, त्याच जातीचे हे काम. पुढे पुट्टी आली. पुट्टीने फट एका दिवसात सारखी दिसते, पण दार आपटून आपटून तो काठ तडकतो. शिवाय खाली कुजलेला उंबरठा तसाच राहतो, आणि टक्कर झाली तर माणसांना वाचवणारा पत्रा तोच असतो.

काय राखायचे?

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. उरलेल्या खासगी गाड्या हौशी मंडळींच्या हाती आहेत, आणि त्यांना आजच्या गाडीसारखी तीन-चार मिलिमीटरची एकसारखी फट हवी असते. माझा त्याला एक आक्षेप आहे. गंज आणि अपघात यांमुळे आलेली वाकडी फट सरळ केलीच पाहिजे, तिथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पण कुर्ल्याच्या एखाद्या फिटरने नजरेने बसवलेली, थोडी रुंद पण सुदृढ फट ही त्याच्या हाताची खूण आहे. त्या माणसाचे नाव आपण कुठेच नोंदवले नाही. ती फट आजच्या मापात बसवली की त्याची उरलेली खूणही जाते.

म्हणून जुन्या गाडीचे काम काढणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पत्रा कापण्याआधी चारही दारांभोवतीच्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजून वहीत लिहून ठेवाव्यात, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, आणि काम करणाऱ्या डेंटरचे म्हणणे त्याच वहीत, त्याच्या नावासह, टिपावे. अशा शे-दोनशे वह्या जमल्या, तर कुर्ल्यात गाड्या कशा बनत होत्या, याबद्दल आज कागदोपत्री न मिळणारे बरेच काही त्यांतून हाती लागेल.