बदली

परवा नातू मोबाईलवर आयपीएलचा लिलाव बघत बसला होता. कोण किती कोटींना गेला ते मला मोठ्याने सांगत होता. मध्येच म्हणाला, "आजोबा, याला तर कोणी घेतलंच नाही!" आणि मला एकदम आमचे दादा आठवले, माझे थोरले मावसभाऊ.

सत्तरच्या दशकात ते अर्जुनीहून नागपूरला गेले आणि एका कापड गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. 'लागले' म्हणणेही चूकच. रोज पाळीच्या आधी फाटकाशी उभे राहायचे. कायम कामगार गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होती. दादा म्हणायचे, "गिरणी बंद पडली का कायमवाल्याचा पगार बुडते, आपला तर नंबरच जाते."

क्रिकेटमध्ये मी हेच पाहिले. २००७ च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला. त्याच वर्षी सुभाषचंद्रांच्या झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली. बोर्डाने तिला मान्यता दिली नाहीच, उलट तिकडे जाणाऱ्याला रणजीसकट सगळे सामने बंद केले. कपिल देव त्या लीगचे प्रमुख, तर त्यांनाही राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढले. कामगारांच्या भाषेत ही टाळेबंदीच! फक्त गिरणी चालू आणि काही जणांपुरते फाटक बंद.

भारतीय संघातले मोठे खेळाडू तिकडे गेले नाहीत. गेले ते उंबरठ्यावरचे. महाराष्ट्राचा सलामीचा फलंदाज धीरज जाधव, हैदराबादचा अंबाती रायुडू, कर्नाटकचा स्टुअर्ट बिन्नी. ३० नोव्हेंबर २००७ ला पंचकुलात सामने सुरू झाले. पाच महिनेही झाले नाहीत तोच, १८ एप्रिल २००८ ला बोर्डाची स्वतःची आयपीएल सुरू झाली. रणजी खेळणाऱ्या पोरांना कधी नव्हे ते पैसे आणि नाव मिळू लागले. आधी गेलेले मात्र बाहेरच. पुढे लीग बंद पडली, मानधन थकल्याच्या तक्रारी आल्या. २००९ मध्ये बोर्डाने माफी देऊन त्यांना परत घेतले.

रायुडू २००४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. तो भारताकडून पहिला सामना खेळला २०१३ मध्ये. बिन्नी २०१४ मध्ये. जाधव पुढे आसामकडून खेळला, भारताची टोपी काही मिळाली नाही. रायुडू तेव्हा बावीस वर्षांचा होता, म्हणून त्याला वाट पाहता आली. जे तेव्हाच तिशीला टेकले होते, त्यांची माफी येईपर्यंत वेळ निघून गेली. मोठ्या खेळाडूचे दोन हंगाम गेले तर पैसा जातो. उंबरठ्यावरच्याची रांगेतली जागा जाते, तिथे दुसरा येऊन उभा राहतो.

पण त्या दुसऱ्याला तरी काय बोल लावावा? त्यालाही संधी हवीच होती. दादा काम मिळालेल्या दिवशीही फार खूश नसायचे. म्हणायचे, "आज मले काम भेटलं म्हणजे कोणाच्या तरी घरी दुखणं आहे."

दादा शेवटी गावी परतले आणि धानाच्या शेतीत रमले. कायम काही झाले नाहीत.

असो. नातवाला विचारले, "ज्याला कोणी घेतलं नाही, त्याचं नाव काय रे?" तोवर त्याने पुढचा खेळाडू लावला होता.