पीळदार देहापलीकडचे महानायक

अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्समध्ये दगडी कातडीचा, हिरव्या वर्णाचा, रबरासारखा ताणला जाणारा किंवा ज्वालांनी वेढलेला नायक वाचक विनातक्रार स्वीकारतो. सुटलेल्या पोटाचा नायक मात्र त्याला क्वचितच भेटतो. या साहित्यप्रकाराला आठ दशकांहून अधिक काळ लोटला, तरी स्थूल देहाची पात्रे प्रामुख्याने नायकाचा खुशालचेंडू सोबती, हास्यनिर्मितीचे साधन किंवा खलनायक या भूमिकांतच अडकून राहिली.

अशी पात्रे नव्हतीच असे नाही; पहिल्या पिढीपासून ती आहेत. खरा प्रश्न त्यांच्या संख्येचा नसून कथेत त्यांच्याकडे सोपवलेल्या कामाचा आहे. स्थूल पात्राचे वजन हाच त्याच्या कथेचा विषय असतो, की इतर नायकांप्रमाणे त्यालाही स्वतंत्र स्वभाव, ध्येय आणि पराक्रम लाभतो, या निकषावर गेल्या ऐंशी वर्षांचा प्रवास तपासता येतो.

साचा कसा घडला

वृत्तपत्रीय चित्रमालिकेतून १९३६ मध्ये ली फॉक यांचा फँटम अवतरला. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे मराठी वाचकांना तो वेताळ या नावाने परिचित आहे. त्याचा अंगासरशी बसणारा पोशाख पुढे सुपरहिरोंची ओळख ठरला. जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन आला. चित्रकार शुस्टर यांना शरीरसौष्ठवाच्या मासिकांचे आकर्षण होते, आणि सुपरमॅनच्या वेशभूषेत सर्कशीतील पहिलवानांच्या पोशाखाची छाप स्पष्ट दिसते.

कॉमिक्सच्या पानांवरील जाहिरातींनीही हाच आदर्श ठसवला. चार्ल्स ॲटलास यांच्या व्यायाम अभ्यासक्रमाची जाहिरात अनेक वर्षे छापली जात असे. समुद्रकिनाऱ्यावर एक दांडगा किरकोळ अंगाच्या तरुणाचा अपमान करतो. तरुण अभ्यासक्रम मागवतो, बलदंड होऊन परततो आणि दांडग्याला ठोसा लगावतो, अशी तिची छोटी चित्रकथा होती. १९४१ मध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी साकारलेल्या कॅप्टन अमेरिकाच्या जन्मकथेतही सैन्याने नाकारलेला कृश स्टीव्ह रॉजर्स एका रसायनाने क्षणार्धात पीळदार होतो. देह बदलल्याशिवाय नायकत्व नाही, हे सूत्र जाहिरातीत आणि कथेत समान होते.

या साच्याला चित्रतंत्राचाही आधार होता. सुपरहिरोचा घट्ट पोशाख म्हणजे बहुतेक वेळा स्नायूंसह रेखाटलेल्या उघड्या शरीरावर चढवलेला रंग असतो. कापडाचे वजन, घड्या आणि शिवण दाखवण्याची गरज त्यात फारशी पडत नाही. स्टॅन ली आणि जॉन बुसेमा यांच्या १९७८ मधील चित्रकला-मार्गदर्शक पुस्तकात सामान्य माणसाची उंची सुमारे साडेसहा डोक्यांएवढी, तर नायकाची पावणेनऊ डोक्यांएवढी काढण्याचा संकेत आहे. शिकाऊ चित्रकार एकच प्रमाणबद्ध आकृती घोटून तिच्यावर निरनिराळे पोशाख चढवतो, तेव्हा शेकडो नायकांचे देह एकसारखे होणे अटळ ठरते.

प्रकाशकांनी १९५४ मध्ये स्वीकारलेल्या कॉमिक्स आचारसंहितेत स्त्रीदेहाची अतिशयोक्ती टाळावी आणि संवादांत शारीरिक व्यंगांचे उल्लेख टाळण्याची काळजी घ्यावी, असे नियम होते. लठ्ठपणाच्या थट्टेला मात्र त्यांनी आळा बसला नाही. स्थूल पात्रांवरील विनोदाचा बहर याच संहितेच्या काळातला आहे.

एट्टा कँडी : विसरलेला आरंभ

या प्रवासाचा आरंभ मात्र पुढील काळापेक्षा अधिक उदार होता. फेब्रुवारी १९४२ च्या ‘सेन्सेशन कॉमिक्स’मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन आणि चित्रकार एच. जी. पीटर यांनी वंडर वूमनची मैत्रीण एट्टा कँडी हिला वाचकांसमोर आणले. बुटकी, गुटगुटीत आणि मिठाईची शौकीन एट्टा महाविद्यालयातील मुलींची पुढारी आहे. मैत्रिणींची फौज घेऊन ती शत्रूच्या तळावर चालून जाते आणि संकटात सापडलेल्या वंडर वूमनच्या मदतीला धावते.

एट्टाच्या खाण्यावर विनोद होतात, पण तिला स्वतःच्या देहाची लाज वाटत नाही, आणि प्रसंगी तिच्या धैर्याबद्दल कोणी शंका घेत नाही. मार्स्टन यांचे १९४७ मध्ये निधन झाल्यावर मालिकेचा सूर पालटला आणि एट्टाचे महत्त्व ओसरले. पुढील दशकांतील काही कथांत तिचे वजन हीच तिची समस्या म्हणून मांडली गेली. मुलींचे नेतृत्व करणारी मैत्रीण स्वतःच्या देहाची चिंता वाहणारी स्त्री झाली.

वजन हीच शक्ती, वजन हाच विनोद

साठच्या दशकात स्थूल पात्रांची संख्या वाढली. १९६१ मध्ये ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ या भविष्यकालीन पथकात बाउन्सिंग बॉय दाखल झाला. शीतपेय समजून प्रयोगशाळेतील द्रव प्यायल्यामुळे चक टेन हा तरुण चेंडूसारखा फुगून उसळ्या घेऊ शकतो. ही शक्ती हास्यास्पद वाटावी अशीच योजलेली होती. तरीही लेखकांनी हळूहळू त्याला पथकाचा लाडका, सर्वांना धीर देणारा सदस्य बनवले आणि १९७४ मध्ये ड्युओ डॅमसेल या सहकारी नायिकेशी त्याचा विवाहही लावून दिला.

हर्बी पॉपनेकर हे त्याहून विलक्षण पात्र. रिचर्ड ह्यूज यांनी टोपणनावाने लिहिलेला आणि ऑग्डेन व्हिटनी यांनी रेखाटलेला हा गोलमटोल, झोपाळू डोळ्यांचा मुलगा १९५८ मध्ये प्रथम दिसला, आणि १९६४ पासून त्याची स्वतंत्र मालिका निघाली. वडील त्याला निरुपयोगी समजतात. प्रत्यक्षात तो हवेतून चालतो, भूतकाळात जातो आणि जग वाचवतो. ‘फॅट फ्युरी’ हे सुपरहिरोचे रूप घेताना तो डोक्यावर तुंबलेली मोरी साफ करण्याचा रबरी पंप चढवतो. वाचक हर्बीला हसतो हे खरे, पण त्याहून अधिक तो मुलाची किंमत न ओळखणाऱ्या वडिलांना हसतो. विनोदाची दिशा अशी फिरवणे त्या काळी दुर्मिळ होते.

मार्व्हलच्या कथांत स्थूल देह अनेकदा खलनायकाच्या वाट्याला आला. १९६४ मधील ‘एक्स-मेन’च्या तिसऱ्या अंकातला ब्लॉब सर्कशीत प्रदर्शनासाठी उभा केलेला माणूस असतो, त्याला जागचा कोणी हलवू शकत नाही, ही त्याची शक्ती. १९६७ मध्ये ‘स्पायडर-मॅन’मध्ये आलेल्या किंगपिनबाबत तर लेखक आवर्जून सांगतात, की त्याचे प्रचंड शरीर चरबीचे नसून स्नायूंचे आहे. भयप्रद व्हायचे असेल तर लठ्ठ असून चालत नाही, असाच या स्पष्टीकरणाचा गर्भितार्थ.

थॉरचा सोबती व्होल्स्टॅग १९६५ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफवरून बेतला. बढाईखोर, खादाड आणि संकटात मागे राहणारा असा हा योद्धा अनेक वर्षे केवळ हास्यासाठी वापरला गेला. पुढे त्याच्यातला प्रेमळ, लेकुरवाळा पिता लेखकांनी उभा केला आणि २०१७ मधील जेसन ॲरन यांच्या कथेत त्याचे फळ दिसले. आश्रयाला आलेली निर्वासित बालके डोळ्यांदेखत जळून मेल्यावर व्होल्स्टॅग शोकाने पेटतो, दुसऱ्या विश्वातील थॉरचा हातोडा उचलतो आणि ‘वॉर थॉर’ होतो. अर्धशतक ज्याच्या पोटावर विनोद झाले, त्याचे दुःख येथे वाचकाला गंभीरपणे घ्यावे लागते.

ॲमांडा वॉलर आणि २०११ चा वाद

१९८६ मध्ये डीसीच्या ‘लेजंड्स’ या मालिकेत आलेली ॲमांडा वॉलर अतिमानवी शक्ती नसलेली, मध्यमवयीन, कृष्णवर्णीय, भरभक्कम देहाची सरकारी अधिकारी आहे. कैदेतील खलनायकांचे ‘सुइसाइड स्क्वॉड’ ती चालवते आणि बॅटमॅनसमोरही नमते घेत नाही. लेखक जॉन ऑस्ट्रँडर यांनी तिच्या वजनाची थट्टा केली नाही किंवा त्याबद्दल सहानुभूतीही मागितली नाही. तो देह तिच्या अधिकाराचा एक भाग होता. ‘भिंत’ हे तिचे टोपणनाव त्यातूनच सार्थ झाले.

डीसीने २०११ मध्ये आपल्या मालिकांची नव्याने सुरुवात केली, तेव्हा हीच वॉलर सडपातळ, तरुण आणि आकर्षक रूपात अवतरली. वाचकांनी त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली. सडपातळ नायिकांची तेथे वाण नव्हती. उणीव होती ती वॉलरसारख्या स्त्रीची. नंतरच्या कॉमिक्समध्ये तिचा मूळ बांधा पुन्हा दिसू लागला. पात्राचा देह ही वरवरची सजावट नसून त्याच्या ओळखीचा भाग असतो, हे या वादाने अधोरेखित केले.

याच्या अगदी उलट टोकाला १९८९ मधील जॉन बर्न यांची बिग बर्था आहे. एरवी ती सडपातळ मॉडेल असते आणि लढण्यापुरती अवाढव्य होते. स्थूल देह येथे कर्तव्य संपताच उतरवून ठेवायचा गणवेश आहे. आपल्या शरीराचा मोठेपणा असा उतरवून ठेवणे कोणत्याही वाचकाला शक्य नसते.

फेथ : उडणारी सामान्य मुलगी

या संदर्भात फेथ हर्बर्टचे महत्त्व मोठे आहे. व्हॅलियंट प्रकाशनाच्या ‘हार्बिंजर’मध्ये जिम शूटर आणि डेव्हिड लॅपहॅम यांनी १९९२ मध्ये तिची निर्मिती केली. २०१२ मध्ये त्या मालिकेची नवी आवृत्ती निघाली, आणि जानेवारी २०१६ मध्ये जोडी हाउजर यांच्या लेखणीतून ‘फेथ’ ही स्वतंत्र मालिका आली. चार अंकांपुरती योजलेली ही मालिका इतकी लोकप्रिय झाली, की पहिल्या अंकाची पुनर्मुद्रणे काढावी लागली आणि त्याच वर्षी नियमित मालिका सुरू झाली.

आईवडिलांच्या पश्चात आजीने वाढवलेली फेथ विज्ञानकथा आणि कॉमिक्सची निस्सीम चाहती आहे. लॉस एंजेलिसमध्ये टोपणनावाने लेखनाची नोकरी करता करता ती नायिकेचे गुप्त आयुष्य जगते. तिची शक्ती उड्डाणाची आहे आणि तिचा देहाशी काही संबंध नाही. तिच्या गुणांत बारीक होण्याचा निर्धार नाही आणि तिच्या दुःखात वजन नाही. तिला प्रेमभंग होतो, सहकाऱ्यांशी मतभेद होतात, चुका होतात. पांढऱ्या-निळ्या पोशाखात ती उडते तेव्हा चित्रकार तिचे पोट लपवत नाहीत आणि त्याच्याकडे बोटही दाखवत नाहीत.

याच सुमारास, २०१५ मध्ये, रायन नॉर्थ आणि चित्रकार एरिका हेंडरसन यांनी मार्व्हलच्या स्क्विरल गर्लला नव्याने घडवले. हेंडरसन यांनी तिला भरीव, दणकट बांध्याची महाविद्यालयीन तरुणी म्हणून रेखाटले. ती शत्रूंना बहुतेकदा गप्पा मारून, समजूत काढून नमवते. २०१७ मध्ये या मालिकेला किशोरवाचकांच्या विभागातील आयस्नर पुरस्कार मिळाला.

पडद्यावरचा थॉर

कॉमिक्समधून आलेला हा प्रश्न २०१९ मध्ये ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ या चित्रपटाने जगभरच्या प्रेक्षकांपुढे ठेवला. पराभवाच्या अपराधी भावनेने खचलेला, मद्यात बुडालेला थॉर त्यात ढेरपोट्या दिसतो. सहकारी त्याची टर उडवतात आणि चित्रपटगृहे हसतात. मानसिक आघाताचे दृश्य रूप म्हणून लठ्ठपणा वापरल्याबद्दल त्यावर टीका झाली. मात्र त्याच चित्रपटात तो पूर्वीचा हातोडा पुन्हा उचलतो आणि अखेरची लढाई बारीक न होताच लढतो. एकाच पात्रात जुनी थट्टा आणि नवी प्रतिष्ठा शेजारी शेजारी दिसतात.

वाचनाचा निकष

एखाद्या कॉमिकमध्ये स्थूल पात्र आहे एवढ्याने देहवैविध्य आले असे म्हणता येत नाही. पात्राचे वजन वगळले तर कथेत त्याच्यासाठी काही उरते का? त्याला हसताना वाचक कोणाच्या बाजूला उभा असतो? त्याच्या विजयासाठी देह बदलण्याची अट घातलेली असते का? हर्बी दुसऱ्या प्रश्नाला उतरतो, वॉलर आणि फेथ तिन्हींना. बिग बर्था तिसऱ्यापाशीच थांबते.

हा प्रश्न केवळ कॉमिक्सच्या रसिकांपुरता मर्यादित नाही. ज्या वयात मुले कॉमिक्स वाचतात, त्याच वयात वर्गात टोपणनावे पडतात आणि मैदानावर संघ निवडताना कोणीतरी शेवटपर्यंत उभे राहते. लंबोदराला विघ्नहर्ता मानणाऱ्या मराठी घरांतील मुलेही त्याला अपवाद नाहीत. फेथ त्या मुलीला व्यायाम करू नको असे सांगत नाही, की तिच्या देहाचा गौरवही करत नाही. जग वाचवण्याची वेळ येते तेव्हा ती नुसती उडून जाते, आणि त्यासाठी आधी बारीक व्हावे लागत नाही.