काळ्या कपड्यांतली शर्यत

१९३० च्या आसपासच्या एखाद्या रविवारी, भल्या पहाटे, तुम्ही इंग्लंडमधल्या हमरस्त्याच्या कडेला उभे असतात तर एक गंमत दिसली असती. दर मिनिटाला एक सायकलवाला तुमच्यासमोरून सुसाट निघून गेला असता. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे, पाठीवर नंबर नाही, रस्त्यावर झेंडा नाही, टाळ्या वाजवायला प्रेक्षक नाहीत. लांब कुठेतरी एक गृहस्थ हातात घड्याळ घेऊन उभे. ही चक्क सायकलची शर्यत असायची! फक्त ती शर्यत आहे हे कुणाला कळू नये, याची पुरेपूर काळजी घेतलेली असायची.

भाग घेणारे कोण? कारकून, कारखान्यातले कामगार, दुकानातले मदतनीस. शनिवारी दुपारपर्यंत काम करायचं, रविवारी पहाटे शर्यत, सोमवारी परत कामावर. म्हणजे तुमच्याआमच्यासारखेच वीकेंडवाले. स्पर्धकांच्या यादीवर 'खाजगी आणि गोपनीय' असं छापलेलं असे. शर्यत कुठे आहे हे आधी जाहीर करायचं नाही. मार्गाला गावाचं नाव न देता अक्षर आणि आकड्यांचा कोड द्यायचा, आपण सर्व्हरला देतो तसा. हे कोड आजही वापरात आहेत. हल शहराजवळच्या एका वेगवान मार्गाचं नाव आहे 'व्ही ७१८'.

आता प्रश्न असा की एवढी लपवाछपवी कशासाठी? सायकल चालवणं हा काही गुन्हा नव्हता. पण सायकलवाल्यांना भीती होती की तो उद्या गुन्हा ठरेल.

ही भीती अगदीच खुळी नव्हती हं. एकोणिसाव्या शतकात रस्ता होता घोड्यांचा आणि घोडे बाळगणाऱ्यांचा. सायकल हे रस्त्यावरचं रीतसर वाहन आहे, हे ब्रिटिश कायद्याने मान्य केलं ते १८८८ साली. म्हणजे हक्क मिळून जेमतेम काही वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात २१ जुलै १८९४ ला ग्रेट नॉर्थ रोडवर एका शर्यतीत घोटाळा झाला. एक बाई घोडागाडी हाकत चालली होती. शर्यतीतले सायकलवाले शेजारून जाताना घोडा बुजला, सायकलवाले एकमेकांवर आदळून पडले, बाईंनी पोलिसांकडे तक्रार केली आणि बोभाटा झाला. पडलेल्यांमध्ये एफ. टी. बिडलेक नावाचे एक नामांकित सायकलपटू होते.

त्या काळी तिथल्या सायकलिंगचा कारभार नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन पाहत असे (पुढे नुसतं 'युनियन' म्हणतो). युनियनला वाटलं, या शर्यतींपायी सरकार एक दिवस सगळ्याच सायकली रस्त्यावरून हाकलेल. म्हणून सरकारने बंदी घालायच्या आत युनियननेच बंदी घातली. रस्त्यावर शर्यती बंद! ज्यांना हौस असेल त्यांनी ट्रॅकवर जावं.

बिडलेकसाहेबांनी यावर एक तोड काढली. सगळे एकत्र सुटले तर ती शर्यत. पण एकेकाने, एकेका मिनिटाच्या अंतराने, फक्त घड्याळाशी झुंज घेतली तर? बघणाऱ्याला वाटेल, एक माणूस घाईत कुठेतरी चाललाय. ५ ऑक्टोबर १८९५ ला नॉर्थ रोड क्लबने अशी पन्नास मैलांची स्पर्धा घेतली. तीच आजच्या टाइम ट्रायलची सुरुवात मानतात.

आमच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात. आणि वर्कअराउंडचं पुढे काय होतं, ते कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारा. तात्पुरता म्हणून टाकलेला पॅच, मूळ अडचण संपली तरी तसाच राहतो. नवीन आलेल्या मंडळींना वाटतं, हेच डिझाइन आहे. पुढे पुढे तर त्याला हात लावणाराच गुन्हेगार ठरतो.

इथे नेमकं तेच झालं. घोडागाड्या गेल्या, मोटारी आल्या. खुद्द बिडलेक यांना ऑगस्ट १९३३ मध्ये सायकलवरून जाताना मोटारीने धडक दिली आणि त्यात काही आठवड्यांनी ते गेले. घोडा बुजू नये म्हणून केलेला नियम मात्र जागच्या जागी.

याची किंमत काय पडली, हे समजायला थोडं तंत्र सांगायला हवं. सायकल वेगात असली की सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हवा. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं तर बरीच ताकद वाचते. त्यामुळे घोळक्याच्या शर्यतीत नुसते दमदार पाय पुरत नाहीत. कुणाच्या आडोशाला राहायचं, कुठल्या चढावर निसटायचं, कुणाला पुढे जाऊ द्यायचं, हा सगळा बुद्धिबळाचा मामला. फ्रान्समध्ये १९०३ पासून टूर द फ्रान्स चालू होती, तिथली पोरं हे लहानपणापासून शिकत. टाइम ट्रायलमध्ये यातलं काहीच नाही. १९२२ ची हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा इंग्लंडमध्ये टाइम ट्रायल पद्धतीने झाली, तेव्हा पहिले तिन्ही नंबर ब्रिटिशांचे होते. पण घोळका सुटला की हेच लोक कोड्यात पडत. १९३३ च्या जागतिक स्पर्धेसाठी संघ निवडायचा तर युनियनला ब्रूकलँड्सचा मोटारींचा ट्रॅक गाठावा लागला, कारण रस्त्यावर स्वतःचीच बंदी!

त्या वर्षीच्या संघात पर्सी स्टॅलर्ड होता. वुल्व्हरहॅम्प्टनचा, वडिलांचं सायकलचं दुकान. बाहेर जाऊन त्याने पाहिलं की युरोपात रस्त्यावर शर्यती होतात, गावंच्या गावं बघायला लोटतात आणि सरकार काही सायकली जप्त करत नाही. डिसेंबर १९४१ मध्ये त्याने युनियनला पत्र लिहिलं. युद्धामुळे पेट्रोल नाही, रस्ते ओस पडलेत, याहून चांगली वेळ कुठली? युनियनने नकार दिला.

मग स्टॅलर्डने एक साधी गोष्ट केली, जी तोवर कुणाला सुचली नव्हती. त्याने सरळ पोलिसांनाच विचारलं. आणि पोलिसांची हरकत नव्हती! ज्यांच्या धाकाने दोन पिढ्या पहाटे काळे कपडे घालून लपतछपत चालवत होत्या, ते उलट मदतीला तयार झाले.

७ जून १९४२. वेल्समधल्या लँगॉलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैल, म्हणजे सुमारे ९५ किलोमीटर. तिसाहून जास्त स्पर्धक एकत्र सुटले. जमणारा पैसा सैनिकांसाठीच्या निधीला. शेवटी पार्कजवळ मोठी गर्दी जमली होती आणि पोलीस वाहतूक सांभाळत होते. गावचाच अल्बर्ट प्राइस जिंकला. कुठलाही घोडा बुजला नाही. युनियनने शर्यतीशी संबंधित सगळ्यांना बेमुदत निलंबित केलं.

त्यावर नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टॅलर्ड आणि मंडळींनी आपली वेगळी चूल मांडली : ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स. पुढची सतरा वर्षं जे भांडण चाललं, ते आपल्याकडच्या भाऊबंदकीला शोभेल असं. लीगवाले मुद्दाम रंगीबेरंगी जर्सी आणि गॉगल घालायचे, रस्त्यात एकमेकांना 'अप द लीग!' अशी आरोळी द्यायचे. युनियनवाल्यांच्या लेखी ते टपोरी. १९४५ मध्ये लीगने ब्रायटन ते ग्लासगो अशी अनेक दिवसांची शर्यत घेतली. खिशात पैसे नाहीत, स्पर्धक कुठे जागा मिळेल तिथे झोपले, आणि जिंकला एक फ्रेंच! पण ब्रिटनच्या पुढच्या मोठ्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यतींचं मूळ तिथेच आहे.

स्टॅलर्ड माणूस मोठा हट्टी. लीगच्याच एका शर्यतीवर सडकून टीका केली म्हणून लीगनेही त्याच्यावर बंदी घातली. १९५९ मध्ये लीग आणि युनियन एक झाल्या, तर हा सलोखा त्याला विश्वासघात वाटला. २००१ साली वारला तोवर त्याचा राग गेला नव्हता. त्याने मागितलेली गोष्ट मात्र सरकारने १९६० मध्येच नियमात बसवली. पोलिसांना आधी कळवा, स्पर्धकांची संख्या मर्यादित ठेवा आणि खुशाल शर्यत घ्या.

मग बिडलेकची पद्धत वाया गेली का? मुळीच नाही. त्याच एकट्याच्या शर्यतींनी बेरिल बर्टन घडवली. यॉर्कशायरमध्ये शेतात कष्टाचं काम करणारी, शेवटपर्यंत हौशी राहिलेली बाई. १९५९ ते १९८३, सलग पंचवीस वर्षं ती देशातली सर्वोत्तम टाइम ट्रायल खेळाडू ठरली. १९६७ मध्ये बारा तासांच्या स्पर्धेत तिने २७७.२५ मैल कापले. त्याच दिवशी पुरुषांत नवा विक्रम करत असलेल्या माइक मॅक्नमाराला तिने गाठलं आणि ओलांडताना खिशातली एक लिकरिशची गोळी त्याच्या हातावर ठेवली. ओलांडून जाताना काहीतरी बोलायला तर हवं ना! तिचा आकडा पुरुषांना पार करायला दोन वर्षं लागली, बायकांमध्ये तो २०१७ पर्यंत टिकला.

म्हणजे पॅच वाईट नव्हता. वाईट होती ती एकच गोष्ट : त्यामागची भीती अजून खरी आहे का, हे सत्तेचाळीस वर्षांत कुणी तपासून पाहिलं नाही. विचारायला एक पत्र पुरलं असतं.

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात लोक कठड्यावर बसून आरडाओरडा करतात आणि पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तेव्हा हे सगळं परग्रहावरचं वाटतं. पण रविवारी पहाटे हायवेवर ट्रकच्या धाकाने कडेकडेने चालवणाऱ्या कुणालाही विचारा, रस्ता आपला आहे का उसना घेतलाय हा प्रश्न काही मिटलेला नाही.

ब्रिटनमध्ये टाइम ट्रायल आजही रविवारी सकाळी होतात. एक फरक पडलाय. पूर्वी नियम होता की कुणाला दिसायचं नाही. आता मागे लाल दिवा चालू नसेल तर सुटूच देत नाहीत.