‘जाम’ आणि त्याचे नामबंधू

गेल्या नाताळच्या सुटीत पुण्याचा माझा भाचा पांढुर्ण्यास आला होता. आठवडी बाजारात एका बाईने टोपली पुढे सारली आणि म्हणाली, ‘जाम घ्या, गोड आहेत.’ मुलाने टोपलीत डोकावून पाहिले आणि माझ्या कानाशी लागून विचारले, ‘मामा, जाम कुठे आहे? हे तर पेरू!’ त्याच्या डोळ्यांपुढे पावाला लावायच्या जामची बाटली होती. परतताना संत्र्यांच्या ट्रकांनी वाट अडविली, तेव्हा पुढचा सायकलवाला ‘रस्ता जाम झाला’ म्हणून उतरला. आणि त्यानंतर जो पूल लागला तो जाम नदीचा! ‘तुमच्याकडे शब्दांचा तुटवडा आहे का?’ असे भाच्याने हसत विचारले. पोराच्या प्रश्नाला तेव्हा मी उत्तर दिले नाही. ते आज येथे देतो.

टोपलीतील फळापासूनच आरंभ करू. हे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांचे जाणेयेणे सुरू झाल्यावर ते आपल्याकडे आले. त्याच्या मायभूमीतील नाव स्पॅनिशांनी ‘ग्वायाबा’ असे उचलले व त्याचेच इंग्रजांनी ‘ग्वाव्हा’ केले. परंतु आपल्या बाजारात ते रुळले नाही. मग या परदेशी पाहुण्याला हाक कशी मारावयाची? ज्याला जे फळ आठवले, त्याने त्याचे नाव पाहुण्याला दिले. पोर्तुगीज भाषेत ‘पेरा’ म्हणजे नासपती. आपला पेरू आणि बंगाल्यांचा पेयारा ही त्या पेराचीच लेकरे मानली जातात. (पेरू देशावरून हे नाव आले असे पुष्कळांना वाटते, मला ते पटत नाही. नाव ऐकताच नकाशा आठवतो, एवढाच त्या समजुतीचा आधार!) उत्तर हिंदुस्थानात फारसी जाणणाऱ्यांनी त्याला ‘अमरूद’ म्हटले, आणि गंमत अशी की, फारसीतही अमरूद म्हणजे नासपतीच. जबलपूर-छत्तीसगडच्या बाजूस याच फळाला ‘बिही’ म्हणतात. इराणात बिही हे निराळेच, सफरचंदाच्या कुळातील एक पिवळे, तुरट फळ आहे.

ज्यांच्या अंगणात नासपतीही नव्हती आणि बिहीही नव्हती, त्यांना आपला जांभूळच आठवला. संस्कृत ‘जंबू’पासून जांब, जांभूळ, जामुन ही नावे निघाली. गुजरातेत पेरूला ‘जामफळ’ म्हणतात, तेलुगू मुलखात ‘जाम’ म्हणतात, आणि या दोहोंच्या मधल्या आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या टापूतही ‘जाम’च म्हणतात. बंगालीत मात्र जाम म्हणजे खुद्द जांभूळ. आणि कोकणात व मुंबईच्या बाजारात जाम म्हणून जे विकले जाते, ते पांढरट, घंटेच्या आकाराचे, पाणीदार फळ. हा शब्द समुद्रापारही गेला आहे. मलायी लोकांच्या ‘जंबू’त पेरूही येतो आणि ते पाणीदार फळही येते. सयामात त्याचे ‘चोम्फू’ झाले, आणि त्या फळाच्या लालीवरून तेथे गुलाबी रंगालाच चोम्फू म्हणू लागले. ज्या जंबूवरून आपल्या पूर्वजांनी अवघ्या भूखंडाला जंबुद्वीप म्हटले, त्याच शब्दाने पांढुर्ण्याच्या बाजारातील ती बाई आपली टोपली विकत होती. ओढ्यानाल्यांच्या काठी जांभूळ सहज वाढतो. तेव्हा आमच्या नदीचे नावही याच घराण्यातील असावे, या मताकडे माझा कल आहे.

पण सारेच जाम सख्खे नव्हेत. मद्याचा पेला या अर्थाचा जाम फारसी आहे. जमशेद राजाच्या पेल्यात सारे जग दिसे, अशी इराणी कथा आहे. तिच्याच नावाने मुंबईच्या पारशी मंडळींनी १८३२ साली ‘जामे जमशेद’ हे पत्र काढले. या जमशेदमधला ‘जम’ मात्र पेला नव्हे. तो अवेस्तातील यिम, म्हणजे आपल्या वेदांतील यमाचा भाऊ! इकडे यम विवस्वताचा पुत्र, तिकडे यिम विवङ्घवंताचा. एकाच मूळ पुरुषाला इराणने सुवर्णयुगाचा राजा केले आणि आपण मृत्यूचा अधिपती केले.

या आवाजाच्या साम्यावर वंशावळीही उभ्या राहिल्या आहेत. सिंधमधील ठठ्ठ्याचे सम्मा राजे ‘जाम’ ही पदवी लावीत, आणि आपण जमशेदाच्या कुळातील आहोत असे ते मानीत, ही नोंद अबुल फजलने ‘आईने अकबरी’त केली आहे. नवानगरच्या जाडेजांची पदवीही जामच. १५४० साली जाम रावळाने वसविलेले त्यांचे शहर पुढे जामनगर झाले. केवळ दोन अक्षरे जुळली म्हणून सिंधच्या राजाला इराणचा पूर्वज लाभला! आपल्याकडेही गावांच्या नावांवरून पांडव आणि ऋषी शोधणारे विद्वान कमी नाहीत.

आणखी एक जाम संस्कृतच आहे, पण जंबूचा नव्हे. ‘याम’ म्हणजे प्रहर. प्राकृतात आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो, म्हणून व्रजभाषेतील कवींचे ‘आठों जाम’ म्हणजे अष्टौप्रहर. तेलुगूतही प्रहराला ‘जामु’ म्हणतात. दफ्तरातून आलेले शब्द निराळे. अंगावरचा ‘जामा’ फारसी. तो सांभाळणारा जामदार आणि त्यावरून जामदारखाना. ‘जामीन’ अरबी, ‘जामा मशीद’मधील जामा हाही अरबीच, पण या दोहोंचे आरंभीचे वर्ण अरबीत अगदी भिन्न आहेत. मराठी जिभेने दोघांनाही एकाच ‘ज’वर बसविले. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत हे शब्द मोडी कागदांतून आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पाटील-पांड्यांपर्यंत पोचले. राहिला इंग्रजी जाम. त्याचा अर्थ चेपणे, कोंबणे. रस्त्यावरचा जाम त्यातूनच आला, आणि साखरेत फळ चेचून केलेल्या बाटलीतल्या जामचेही मूळ तेथेच मानतात.

आता भाच्याला सांगावयाचे ते असे. शब्दांचा तुटवडा नव्हता. वेगवेगळ्या दिशांनी आलेले प्रवासी एकाच धर्मशाळेत उतरले, एवढेच. पण या धर्मशाळेतील घरचा माणूस कोण, हा प्रश्न आमच्या भागात जरा बोचतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याचा २०२३ साली वेगळा जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातच. आमच्या मुलांच्या हिंदी पुस्तकात ‘अमरूद’ असतो आणि मराठी पुस्तकात ‘पेरू’. ‘जाम’ कोठेच नसतो. मी शाळेत असताना निबंधात ‘जामाचे झाड’ लिहिले, तर गुरुजींनी त्यावर तांबडी रेघ ओढून समासात ‘गावठी’ असे लिहिले होते. फारसीतून आलेला अमरूद शुद्ध, पोर्तुगीज पेरू शुद्ध, आणि जंबूचा वारस तेवढा गावठी! ती रेघ मला अजून दिसते. घरी आल्यावर आईने विचारले, ‘मग झाडाला काय म्हणायचे?’ मी ‘पेरू’ म्हटले, तेव्हा ती काही बोलली नाही. पण त्यानंतर माझ्यापुढे फळाचे नाव घ्यायचे तिने टाळले, हे मला फार उशिरा उमगले.

सुटी संपली तेव्हा भाच्याने त्याच बाईकडून दोन किलो जाम घेतले. पुण्यास पोचताच ते पेरू झाले असतील. माझ्या बहिणीने त्यांतले थोडे शिजवून बाटली भरून ठेवली असे तिचे पत्र आले; बाटलीवर चिठ्ठी मात्र भाच्याने लिहिली आहे, ‘जामाचा जाम’.