पाणीपट्टी गेली, सूचना राहिली

उधळपट्टीवर अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक प्रथम एकच औषध सुचवते, ते म्हणजे किंमत. आयर्लंडमधील पाणीपुरवठ्याचा इतिहास वाचताना त्या औषधाची मर्यादा ध्यानात येते.

२०१० साली आर्थिक संकटात सापडलेल्या त्या देशाने युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचे साहाय्य घेतले. घरगुती पाण्यावर आकारणी करणे ही त्यासोबतची एक अट होती. १९९७ पासून तेथील शहरवासीयांना पाण्याचे वेगळे देयक येत नव्हते. २०१३ मध्ये ‘आयरिश वॉटर’ ही राष्ट्रीय कंपनी स्थापन झाली, पदपथाखाली मीटर बसू लागले आणि लोक रस्त्यावर उतरले. २०१६ मध्ये आकारणी स्थगित झाली, २०१७ मध्ये कायद्याने रद्द झाली. भरलेले पैसेही परत करण्यात आले.

मात्र तोवर आठ लाखांहून अधिक मीटर जमिनीत गेले होते. देयकच नाही, तर त्यांचा उपयोग काय?

घर झोपी गेले की काही तास तरी पाण्याचा प्रवाह थांबतो. सलग ४८ तासांत तो एकदाही थांबला नाही, तर कोठेतरी गळती आहे असे मानून मीटर तशी खूण नोंदवतो. त्यावरून ग्राहकाला कळवायचे आणि मीटर व घर यांमधील नळवाहिनीची पहिली दुरुस्ती विनामूल्य करायची, अशी योजना २०१५ मध्ये सुरू झाली होती. आकारणी गेली तरी ती टिकली. २०१७ च्या कायद्याने वर्षाला २,१३,००० लिटर, म्हणजे सरासरी वापराच्या १.७ पट, ही मर्यादा घातली. परंतु जादा वापराचे पैसे मागण्यापूर्वी कुटुंबास सूचना व सुधारण्यास अवधी देणे बंधनकारक केले. प्रत्यक्ष आकारणी मात्र लांबतच गेली.

माझ्या मते सूचनेचा हा अग्रक्रम योग्यच होता. अंगणाखाली फुटलेला नळ मालकाला दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल केलेला दंड वर्तन कसे बदलणार? (मीटर न बसलेली घरे या सूचनेला मुकली, हे आंदोलकांच्या विजयाचे मूल्य फारसे कोणी मोजले नाही.)

आपल्या नगरपालिकांना हाच उपाय सुचवण्याचा मोह होतो. पण जेथे दिवसातून दोनच तास पाणी सुटते, तेथे रात्रीचा प्रवाह शून्य असतो तो गळती नाही म्हणून नव्हे, तर वाहिनीच कोरडी असते म्हणून.