मजकुराची वेगळी पेटी

संगणकाच्या आज्ञावलीपासून पडद्यावरील मजकूर वेगळा काढण्याची कल्पना मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. १९८४ साली आलेल्या मॅकिन्टॉश संगणकात मेनू व संदेश ‘रिसोर्स’ म्हणून निराळे ठेवीत. त्यामुळे मूळ आज्ञावलीस हात न लावता त्यांचे भाषांतर करता येई. २००८ साली बाजारात आलेल्या अँड्रॉइडने हीच रीत पुढे चालविली. तीत प्रत्येक भाषेचा मजकूर स्वतंत्र फोल्डरात असतो. मराठीच्या फोल्डराचे नाव ‘व्हॅल्यूज-एमआर’. ॲपची बांधणी होताना या सर्वांची एक सारणी तयार होऊन ती ॲपच्या पुडक्यात, म्हणजे ‘एपीके’त, जाते. फोनची भाषा पाहून ॲप त्यातून मजकूर उचलते. मराठी न सापडल्यास मूळ मजकुरावर, बहुधा इंग्रजीवर, येऊन थांबते.

पुडके एकच होते तोवर त्यातील सर्व भाषा सामान्यतः प्रत्येक फोनवर पोहोचत. २०१८ साली ‘ॲप बंडल’ ही पद्धत आली आणि पुडक्याचे भाषावार तुकडे पडू लागले. ऑगस्ट २०२१ पासून गूगल प्लेवरील नव्या ॲप्सना ती बंधनकारक झाली. फोनच्या भाषायादीत जी भाषा नाही, तिचा तुकडा आपोआप उतरत नाही. जागा वाचते हे खरे. परंतु फोन इंग्रजीत ठेवून एखादे ॲप मराठीत वापरू इच्छिणाऱ्यास, भाषांतर तयार असूनही, ते आपोआप मिळेलच असे नाही. निर्मात्याने ही विभागणी बंद केली, अथवा हवा तो तुकडा मागाहून आणविण्याची सोय केली, तर ते हाती येते.

भाषांतर झाले म्हणजे भाषा पोहोचली असे मानणे म्हणूनच धाडसाचे होय. बांधणीच्या फाइलीत एक सूचना लिहावयाची राहिली, एवढ्यानेही ती वाटेत अडकते.